शंख अर्धा, निकाल पुरा!

‘कान बनलाच नाही’ या तीन शब्दांशी माझे भांडण आहे. भांडणाला दिवाळीचा मुहूर्त निवडला याबद्दल संपादकांनी आणि वाचकांनी मला क्षमा करावी. परंतु मूल बहिरे आहे ही गोष्ट पुष्कळ घरांत पहिल्याने ध्यानात येते ती याच चार दिवसांत. अंगणातली सगळी चिल्लीपिल्ली सुतळी बॉम्बला दचकून आईच्या पदराआड पळतात, आणि एक पोर तेवढे जळत्या वातीकडे टक लावून हसत उभे असते. ‘किती धीट आहे हो तुमचा बाळ!’ म्हणून शेजारीण कौतुक करते. त्या कौतुकाचा अर्थ कळायला कधी सहा महिने लागतात, कधी वर्ष. मग थाळ्या वाजवून पाहिल्या जातात, देवापुढची घंटा कानाशी नेली जाते, ‘याचा बापसुद्धा उशिराच बोलला’ अशी आजी ग्वाही देते, आणि शेवटी केव्हातरी ते जोडपे मुलाला पोटाशी धरून शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या बाकावर येऊन बसते. तेथे सी.टी. स्कॅनची काळी फिल्म उजेडापुढे धरून कोणीतरी हे तीन शब्द उच्चारतो. पुढचा नंबर!

हे शब्द नेहमीच खोटे असतात असे मी म्हणत नाही. कधी कधी ते अक्षरशः खरे असतात. परंतु ज्या मुलांविषयी ते बोलले जातात त्यांतील पुष्कळांच्या बाबतीत ते खरे नसतात. आणि ज्यांच्या बाबतीत खरे असतात त्यांच्या आईबापांनाही त्यापुढचे चार शब्द ऐकण्याचा हक्क आहेच की!

मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकविली, इतकाच माझा अधिकार. या विषयात मी पडले ती माझ्या भाचीच्या मुलामुळे, आणि एकदा पडल्यावर मास्तरणीच्या सवयीने पुस्तके, अहवाल, डॉक्टर आणि इतर आईबाप यांच्या मागे लागले. जे कळले ते सांगते.

आपण ज्याला कान म्हणतो, जो बारशाला टोचतात आणि शाळेत उपटतात, तो नुसता दिंडीदरवाजा. खरा ऐकणारा कान कवटीच्या हाडात खोल दडलेला असतो. तेथे वाटाण्याएवढा एक शंख आहे. डॉक्टर त्याला कॉक्लिया म्हणतात. त्याला अडीच वेढे असतात, आत पाणी असते आणि त्या पाण्यात सुमारे १५,००० केसाळ पेशी. आवाजाच्या लाटेने पाणी हालले की या पेशी डुलतात, त्यातून वीज निर्माण होते आणि ती सुमारे ३०,००० धाग्यांच्या श्रवणतंतूवरून मेंदूकडे जाते. शंखाच्या तळाशी चिमणीची चिवचिव, टोकाशी ढोलाचा घुमारा, अशी प्रत्येक सुराला तेथे जागा नेमून दिलेली आहे. बहुतेक बहिऱ्या मुलांचा शंख घडणीने चोख असतो. बिघाड असतो तो पेशींत, आणि तो कोणत्याही स्कॅनला दिसत नाही. साधारण पाचांतल्या एकाच्या बाबतीत मात्र हाडाची घडणच निराळी दिसते. आपले भांडण आहे ते या पाचव्या मुलासाठी.

ही घडण केव्हा होते? आईच्या पोटात चौथ्या आठवड्याच्या सुमारास काम सुरू होते आणि दहाव्या आठवड्याच्या आसपास वेढे पुरे होतात. जरा हिशेब करा. सुनेला दिवस गेल्याची बातमी सासूच्या कानावर जाते न जाते तोच शंखाचे काम आटोपत आलेले असते. डोहाळजेवणाला तिला हिरवी साडी नेसवून झोपाळ्यावर बसवतात तेव्हा तर त्याला महिने लोटलेले असतात. तरीही अशा मुलाच्या आईला अजून विचारले जाते, की ग्रहणात सुरी हातात धरली होतीस का? भाजी चिरली होतीस का? अहो, सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने तिसऱ्या महिन्यात पुरा झालेला शंख कसा मोडेल? घडणीत असा फरक पडतो तो बहुधा बीजातल्या दोषाने, क्वचित औषधाने. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड नावाच्या गोळ्या बाजारात आल्या आणि १९६१ च्या नोव्हेंबरात मागे घेतल्या गेल्या. त्या गोळ्यांनी हातपाय खुंटलेली मुले जगाने छायाचित्रांत पाहिली, पण त्यांतल्या काहींचा आतला कानही घडला नव्हता हे छायाचित्रात कसे दिसावे? कित्येकदा कारण सापडतच नाही. पण ज्यांना कारणच हवे असते त्यांना सून पुरते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ‘बनला नाही’ म्हणजे किती बनला नाही?

१७९१ साली इटलीतील बोलोन्या शहरी कार्लो मोंदिनी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने हाच प्रश्न विचारला. आठ वर्षांचा एक जन्मबधिर मुलगा गाडीखाली पाय सापडून, जखम चिघळून वारला होता. मोंदिनीने त्याच्या कानाचे हाड उघडले, आणि त्याला दिसले की शंख आहे. मात्र अडीचाऐवजी दीडच वेढ्यांचा आहे. त्याने ‘बनला नाही’ असे लिहिले नाही. दीड वेढा असे लिहिले. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसापाशी एक सुरी, एक भिंग आणि पुष्कळ धीर होता. आमच्यापाशी कोट्यवधी रुपयांची यंत्रे आहेत आणि धीर तेवढा नाही.

कान अजिबातच नसण्याची अवस्थाही आहे. १८६३ साली मिशेल नावाच्या डॉक्टरने तिचे वर्णन केले म्हणून तिला त्याचे नाव पडले. शंख नाही, तोल सांभाळणारी अर्धवर्तुळे नाहीत, काहीच नाही. ‘कान बनलाच नाही’ हे वाक्य शब्दशः लागू पडते ते येथे, आणि ही अवस्था फार विरळ आहे. मोंदिनीच्या दीड वेढ्यापासून मिशेलच्या शून्यापर्यंत मधे केवढा पल्ला आहे, याचा नीट नकाशा अमेरिकेत जॅकलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडला आणि तुर्कस्तानातील अंकारा येथील सेन्नारोग्लू यांनी २००२ पासून तो अधिक बारकाईने आखला.

तो नकाशा मी मराठी वाड्याच्या भाषेत सांगते. कोणाच्या वाड्यात ओटी, माजघर, स्वयंपाकघर मिळून एकच मोठी खोली. शंख आणि तोलाची जागा एकमेकांत मिसळून गेलेली. कोणाच्या वाड्याच्या बाहेरच्या भिंती जागच्या जागी, पण आतल्या पडद्या घातल्याच नाहीत. कोणाचा तळमजला अगदी शिस्तीत बांधलेला आणि वरचे दीड मजले तेवढे एकत्र झालेले. मोंदिनीच्या मुलाचे हेच झाले होते. कोणाचा वाडाच लहान, बाहुलीचा असावा तसा. कोणाची ओटी आहे आणि माजघर नाही. आणि एका जातीत, जी आईकडून मुलग्याला येते (आईने ती मागून घेतलेली नसते हे पुन्हा सांगायला हवे), माजघर आणि मागचा पाण्याने भरलेला आड यांच्यामधली भिंतच नसते. हे सगळे वाडे निरनिराळे. त्यांत राहता येईल की नाही, याची उत्तरे निराळी. आणि इस्पितळात निकाल मात्र एकच: पडका वाडा!

शिवाय वाड्याइतकीच महत्त्वाची आहे ती रस्त्यावरच्या खांबावरून घरात येणारी विजेची तार, म्हणजे श्रवणतंतू. घर टोलेजंग असून तार नसेल तर अंधार. आणि घर मोडके असून तार शाबूत असेल तर एक तरी दिवा लागतो. सी.टी. स्कॅन हाड दाखवितो, तार दाखवीत नाही. तार पाहण्यासाठी एम.आर.आय. लागतो, आणि तोही तंतूला आडवा छेद देऊन काढलेला. तेव्हा नुसत्या सी.टी.वर ‘काही होणार नाही’ म्हणणे, किंवा नुसत्या सी.टी.वर ‘सगळे होईल’ म्हणणे, हे दोन्ही घराकडे पाहून विजेचे बिल सांगण्यासारखे आहे.

या तारेचा आणखी एक डाव लक्षात ठेवण्याजोगा आहे. तान्ह्या मुलाच्या कानात बारीक बोंडे घालून एक झटपट तपासणी करतात; तिचे नाव ओ.ए.ई. ही तपासणी शंखातल्या पेशींचा प्रतिध्वनी ऐकते. पेशी ठीक असून तारच नसेल तर हे यंत्र खुशाल ‘पास’ म्हणून सांगते! बाळ पास होते आणि बहिरे राहते. मेंदूपर्यंत आवाज पोचतो की नाही हे पाहणारी दुसरी तपासणी, ए.बी.आर. नावाची, केल्याशिवाय हे उमजत नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, ही चांगली गोष्ट. पण ‘पास’ या शिक्क्यावर विसंबून जी आई वर्षभर स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखविते, तिला हा डाव कोणी समजावून सांगायचा?

आता कॉक्लियर इम्प्लांटविषयी. कानामागे लावायचे एक यंत्र आवाज टिपते, त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करते आणि कातडीखाली बसविलेल्या दुसऱ्या तुकड्याकडे पाठविते. तेथून निघालेली केसासारखी तार शंखात शिरते आणि तिच्यावरील बारा ते बावीस टिकल्या श्रवणतंतूला थेट डिवचतात. मेलेल्या पेशींना वळसा घालून पुढे जायचे, ही यातली युक्ती. पॅरिसमध्ये १९५७ साली जुर्नो आणि एरिएस या दोघांनी एका बहिऱ्या माणसाच्या श्रवणतंतूला असा पहिला स्पर्श केला. लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउसने १९६१ मध्ये तो धागा पुढे नेला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅम क्लार्कला प्रश्न पडला होता, की वळणावळणाच्या शंखात तार घालायची कशी? १९७७ साली समुद्रकाठी सुटीवर असताना त्याने वाळूतला एक शंख उचलला आणि त्यात गवताची पाती सारून पाहिली. टोकाला लवचिक आणि मागे कडक होत जाणारी पाती वेढ्यांतून सुरेख आत गेली. १९७८ च्या ऑगस्टात त्याने मेलबर्नला अनेक टिकल्यांची तार माणसाच्या कानात बसविली. ही गोष्ट मला फार आवडते. पण माझे म्हणणे त्या वाळूत पडलेल्या दुसऱ्या शंखांविषयी आहे. त्यांतले काही फुटके होते, काही एकाच वेढ्याचे होते. त्यांत पाती घालून कोण पाहणार?

पाहिली, तीही पाहिली. सुरुवातीला वेगळ्या घडणीचा कान म्हणजे या शस्त्रक्रियेला सरळ नकार, असा रिवाज होता. तरी ब्राझीलमध्ये १९८३ सालीच मोंदिनी-जातीच्या कानात असे यंत्र बसविल्याचे नमूद झाले. पुढे शस्त्रवैद्यांना कळत गेले, की एकखोली कानात तंतूंची टोके बाहेरच्या भिंतीलगत असतात, तेव्हा तार भिंतीला चिकटून राहील अशी निवडावी. मोंदिनीच्या कानात साधी तारही चालते आणि त्या मुलांचे ऐकणे-बोलणे पुष्कळदा सरळ शंखाच्या मुलांच्या बरोबरीला येते. चाळीस वर्षांचा हा अनुभव छापलेला आहे. तो आपल्याकडे ज्यांना ठाऊक आहे ते डॉक्टर उत्तम काम करीत आहेत, मुंबईत करीत आहेत, चेन्नईत करीत आहेत; त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण आहे ते त्यांच्यापर्यंत मूल पोचू न देणाऱ्या तीन शब्दांशी.

माझ्या भाचीचे मूल चौदा महिन्यांचे असताना ते तिने ऐकले. इस्पितळाचे नाव सांगत नाही. तीन मिनिटे लागली. ‘बहिऱ्यांच्या शाळेत घाला, दुसरे मूल होऊ द्या,’ असा फुकटचा सल्लाही मिळाला. ती चार महिने कोणाशी बोलली नाही. मग तिच्या नवऱ्याच्या एका मित्राने तीच फिल्म दुसऱ्या शहरातल्या कानाच्या डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी एम.आर.आय. करविला आणि दोघांना समोर बसवून कागदावर पेन्सिलीने दोन आकृत्या काढल्या. उजवा कान: एकच खोली, तार दिसत नाही. डावा कान: बाहेरच्या भिंती आहेत, पडद्या नाहीत, तार आहे पण बारीक. ‘डाव्या कानात यंत्र बसवून पाहू. तो आवाज ऐकेल असे वाटते. शब्द किती समजतील ते मला आज सांगता येत नाही.’ भाची मला म्हणाली, ‘मावशी, त्यांनी काहीच वचन दिलं नाही गं, तरी मला त्या दिवशी झोप लागली.’

वचन न देण्याची ही जी सभ्यता, तिच्या उलट्या टोकाला दुसरी जमात उभी आहे, आणि तिच्यावरही मला तितकाच राग आहे. ही जमात चमत्कार विकते. यंत्र सुरू केल्याक्षणी बाळ आईचा आवाज ऐकून हसते, आई रडते, छायाचित्रे निघतात, पुढारी हार घालतात. पण त्या क्षणी बाळाने ऐकलेली असते ती निव्वळ एक खळबळ. तिची भाषा व्हायला वर्षे लागतात. आठवड्यामागून आठवडे वाचा-उपचार, दर काही महिन्यांनी यंत्राची जुळणी, घरात दिवसभर बोलत राहणारी माणसे. वेगळ्या घडणीच्या कानाला याहून अधिक लागते, आणि त्याचे धोकेही अधिक असतात. ज्या कानात आडाची भिंत नाही तेथे भोक पाडताच मेंदूभोवतीचे पाणी कारंज्यासारखे उसळते. ते नीट बुजवले नाही तर पुढे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचे, मेनिन्जायटिसचे, भय राहते. अमेरिकेत यंत्र बसविलेल्या ४,२६४ मुलांची २००३ साली पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील २६ मुलांना हा आजार झालेला होता, आणि वेगळ्या घडणीचा कान व पाण्याची गळती ज्यांच्यात एकत्र होती त्यांना धोका अधिक आढळला. म्हणून न्युमोकॉकसची लस आधी टोचावी लागते. चेहऱ्याची नसही अशा कानात भलत्याच वाटेने गेलेली असू शकते. मग यंत्र चालू केले की मुलाचा गाल किंवा डोळा फडफडतो आणि काही टिकल्या बंद ठेवाव्या लागतात. यांतले किती चमत्काराच्या छायाचित्राखाली छापलेले असते?

तार मुळीच नसलेल्या, शंखच नसलेल्या मुलांसाठी आणखी एक वाट आहे. मेंदूच्या देठावर थेट टिकल्या ठेवायच्या. गाठींमुळे श्रवणतंतू कापावा लागलेल्या मोठ्या माणसांसाठी हाउस आणि हिट्सेलबर्गर यांनी १९७९ मध्ये ती प्रथम चोखाळली, आणि इटलीतील व्हेरोना येथे कोलेत्ती यांनी या शतकाच्या आरंभी ती मुलांपर्यंत आणली. चेन्नईतही ती शस्त्रक्रिया होते. परंतु येथे कवटी उघडावी लागते आणि फळ बेताचे: पुष्कळांना आवाजाची जाग येते, ओठ वाचायला आधार मिळतो, नुसत्या कानाने बोलणे समजणारे थोडे. ही वाट धरावी की धरू नये हे आईबापांनी ठरवायचे आहे. पण ठरविण्यासाठी ती आहे हे तर ठाऊक हवे! आणि ‘नको’ म्हणणाऱ्या आईबापांना कोणी कसाई ठरवू नये, हेही हवे.

आता सर्वांत वादाचा मुद्दा. यंत्र बसविलेल्या मुलाला खुणांची भाषा शिकवू नका, नाहीतर ते बोलायचा आळस करील, असे अजून पुष्कळ ठिकाणी बजावून सांगतात. भाचीलाही शस्त्रक्रियेनंतर एका उपचारकेंद्रात बजावले गेले. हात पाठीमागे बांधल्यासारखे घेऊन बोला म्हणे! हे फर्मान नवे नाही. १८८० साली मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि खुणांना शाळेतून हद्दपार करण्याचा ठराव झाला. ठराव करणारे जवळजवळ सारे ऐकू येणारे होते. १३० वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच परिषदेने कॅनडातील व्हँकूव्हर येथे तो ठराव झुगारून दिला आणि खेद व्यक्त केला. व्हँकूव्हरचे ते वारे आपल्याकडच्या उपचारकेंद्रांच्या खिडक्यांतून अजून आत यायचे आहे.

मी भाषा शिकविणारी बाई. मला कोणी सांगावे, की एका भाषेने दुसरीचा गळा घोटला जातो? बेळगावचे पोर घरात मराठी बोलते आणि गल्लीत कानडी. त्याची मराठी आळशी झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. मूल बोलण्याआधी हात पुढे करून ‘उचल’ म्हणते, मान हलवून ‘नको’ म्हणते, तेव्हा त्याची जीभ लुळी पडेल म्हणून कोणी त्याचे हात धरून ठेवतो का? भाषा रुजायची जमीन पहिल्या चार-पाच वर्षांतच खरी भुसभुशीत असते. सरळ शंखाच्या मुलाचे यंत्र नीट चालण्याचा संभव मोठा. त्याच्या आईबापांनी केवळ बोलीवर डाव लावला तर तो बहुधा साधेल. पण ज्याची तार बारीक आहे, ज्याच्या कानाचा निकाल तीन वर्षांनी लागायचा आहे, त्याला ‘आधी कान, मग भाषा’ म्हणून रांगेत उभे करणे म्हणजे पेरणीच्या दिवसांत बियाणे कोठीत कुलपात ठेवून पावसाच्या अंदाजावर चर्चा करणे होय. कान कमी पडला तर ते पोर पाचव्या वर्षी कोणत्याच भाषेवाचून उरते. आणि भाषेवाचून राहिलेले पोर मी पाहिले आहे. माझ्या वर्गात असे एक आणून बसविले होते. साडेसहा वर्षांचे, हुशार डोळ्यांचे. त्याला ‘उद्या’ म्हणजे काय हे माहीत नव्हते. उद्या सुटी आहे, उद्या आई येईल, उद्या दुखणे कमी होईल, यातले काहीच त्याला कोणी सांगू शकत नव्हते. बहिरेपणाने त्याचे आवाज नेले होते. उद्या मात्र त्याच्यापासून मोठ्या माणसांनी लपविला होता.

भाचीचे मूल आज आठ वर्षांचे आहे. डाव्या कानाने त्याला दाराची घंटा, कुकरची शिट्टी आणि स्वतःचे नाव ऐकू येते. घरातल्यांचे बोलणे तोंडाकडे पाहून बरेचसे समजते, परक्यांचे थोडे. त्याचे बोलणे आम्हाला कळते, दुकानदाराला कळत नाही. खुणांनी मात्र तो इतके बोलतो, की त्याला गप्प करण्यासाठी दिवा मालवावा लागतो! हा चमत्कार नव्हे आणि पराभवही नव्हे. अशी फळे छायाचित्रात येत नाहीत म्हणून येथे लिहिली.

एक आक्षेप उरतो, आणि तो शहाण्या माणसांकडून येतो म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, देश गरीब, केंद्र सरकारच्या २०१४ साली सुधारलेल्या योजनेत वर्षाला ५०० मुलांना प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंतचे यंत्र देण्याची सोय झाली, मुले हजारो, मग खात्रीचे कान आधी का घेऊ नयेत? वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे त्या योजनेच्या अर्जांचे काम सोपविलेले होते. तेथल्या माणसांपुढची ही अडचण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण खात्रीचा कान कोणता हे ठरविणार कसे? मोंदिनीचा कानही ‘वाकडा’च की, आणि त्याचे फळ सरळ कानाजवळ जाते! त्या कानाला अनेकदा एक रुंद नळी जोडलेली असते. अशी मुले जन्मतः थोडेफार ऐकतात आणि डोक्याला लहानसा मार लागला की एका दिवसात ऐकणे गमावतात. मास्तर म्हणतात सोंग करतो, बाप म्हणतो हट्टी आहे. या मुलांना वेळेवर ओळखले तर त्यांना कबड्डीच्या मैदानापासून जपता येते, श्रवणयंत्र देता येते आणि पुढे इम्प्लांटचे फळही चांगले मिळते. रांगच लावायची असेल तर ती घडण वाचून लावा. ‘वाकडा’ या एका शब्दाच्या चाळणीने नको. आणि जो कान खरोखरच यंत्राला दाद देणार नाही, त्याच्यासाठी खुणांच्या भाषेचा शिक्षक तालुक्याच्या गावी ठेवायला सहा लाख लागत नाहीत.

तालुक्यावरून आठवले. शस्त्रक्रिया मोजल्या जातात, शब्द मोजले जात नाहीत. यंत्र बसले की आकडा पुरा झाला. मग कोकणातल्या पावसात ते यंत्र दमट होते, तार तुटते, मूल पंधरा पंधरा दिवस पुन्हा बहिरे राहते, आणि जुळणीसाठी बापाला मजुरी बुडवून रात्रभराचा एस.टी.चा प्रवास करावा लागतो. बारीक तारेच्या मुलाची जुळणी तर वारंवार करावी लागते. ज्यांनी हार घातले त्यांना या तिकिटाचे पैसे कोणी मागितलेले नाहीत.

माझी मागणी फार लहान आहे. तिला कायदा लागत नाही, निधी लागत नाही. स्कॅन झाल्यावर आईबापांच्या हाती एक कागद द्यावा, मराठीत, सातवी शिकलेल्या बाईला वाचता येईल असा. शंख किती आहे, तार आहे की नाही, असल्यास बारीक की जाड. यंत्र बसेल का, बसल्यास काय ऐकू येण्याचा संभव, कोणता धोका, कोणती लस. खुणांची भाषा शिकायला कोठे जावे. आणि चष्म्याच्या नंबराच्या कागदावर जसे असतात तसे त्यावर दोन रकाने आखावेत, एक उजव्या कानाचा आणि एक डाव्या कानाचा.